तीन नंबरचा ठेका

खिळेकाकांकडून शब्द काढणं सोपं नव्हतं, कारण दिवसाचे आठ तास त्यांच्या तोंडात खिळे असत. सोफे, खुर्च्या, बसची आसनं, दातांच्या दवाखान्यातली ती मागे झुकणारी खुर्ची, असलं सगळं मढवून देणाऱ्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, उजव्या हाताने ठोकायचं, मग खिळे ठेवायचे कुठे? मूठभर खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक ओठांशी आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाने उचलायचा आणि एका ठोक्यात बसवायचा. दाबलं की पिन मारणारं यंत्र आलं तेव्हा सगळ्यांनी ते घेतलं, काकांनी नाक मुरडलं. कुणी काही विचारलं तर भुवया वर म्हणजे हो, डोळे बारीक म्हणजे नाही. ही सवय घरीही चालू राहिली. काकू म्हणायच्या, "लग्नाला तीस वर्षं झाली. यांचे शब्द मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून दाखवते." हे जरा जास्तच होतं, पण फार जास्त नव्हतं.

असा हा मुखदुर्बळ माणूस रविवारी मात्र अख्खं मैदान दणाणून सोडायचा. आपल्या फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांचा ढोल सव्वीस वर्षं त्यांच्याकडे होता. ढोल त्यांनीच बनवलेला. जुन्या लाकडी पिंपाची दोन्ही बुडं काढून त्यावर जाड कातडं ताणलेलं, कडेने खिळ्यांची दुहेरी रांग, इतकी सरळ की पट्टी लावून बघा. उत्तरेकडच्या स्टँडच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर, कठड्याला पाठ लावून, मैदानाकडे पाठ करून ते उभे राहत. मैदानाकडे पाठ का? तर समोर, सहाव्या पायरीवर उलट्या पेटीवर भोंगा उभा असे. भोंगा म्हणजे टायरच्या दुकानातला कामगार, आवाज असा की पंक्चर काढतानाही रस्त्यापलीकडे ऐकू यावा. घोषणा द्यायचं काम त्याचं. पण त्या गदारोळात शब्द कुठला पोचायला, म्हणून तो काकांना बोटांनी खुणा करी. एक बोट म्हणजे संघ मैदानात येतानाचा संथ ठेका. दोन बोटं म्हणजे हल्ला चढवा. तीन बोटं म्हणजे आधी दोन सावकाश ठोके, मग तीन भराभर. अशी सहा गाणी होती आणि काकांना ती नंबरांनीच ठाऊक होती. सव्वीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले गोल वीस-पंचवीस असतील. बाकीचे त्यांनी समोरच्या चेहऱ्यांवर पाहिले.

आणि कानात कापूस. कारखान्यात गाद्यांत भरायचा कापूस हवा तेवढा. ढोलाचा दणका सहन व्हावा म्हणून काका दोन चांगले घट्ट बोळे करून कानांत इतके आत कोंबत की बाहेरून कुणाला दिसूही नयेत. एकदा ते बसले की काकांपुरतं मैदान म्हणजे उघडमीट करणारी तोंडं, भोंग्याची बोटं आणि छातीत घुमणारा स्वतःचा ढोल. ते सुखात असत. आठवड्यात एवढे दोन तासच ते खरे सुखात असत, हे म्हणायला हरकत नाही.

काकांना एकच मुलगी. सहा वर्षांची असल्यापासून ती बापाबरोबर मैदानात यायची. ढोलाशेजारी पालथ्या बादलीवर बसायची, जास्तीची टिपरी मांडीवर धरून. बापाने हात पुढे केला की न बघता टिपरू हातात. चौदाव्या वर्षी तिने एकाएकी येणं बंद केलं. परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा झाली, पुढची आली, तीही झाली, पण पोरगी काही मैदानाकडे फिरकली नाही. बोलणंही तुटक झालं. बाबा जेवायला या, बाबा चष्मा टेबलावर आहे. पुढे शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या शहरात खोली घेऊन राहू लागली. दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा, तो आईसाठी. काकांच्या वाट्याला शेवटचं अर्धं मिनिट. "बरे आहात ना? औषध घेता ना? द्या आईला."

काकांना वाटे, आपलं काय चुकलं? रागावून बोलावं तर ते कधी बोललेच नव्हते. हात उगारावा तर तोही कधी उगारला नव्हता. मुली मोठ्या झाल्या की होतं असं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. पण ती पुरत नव्हती. पालथी बादली त्यांनी तशीच न्यायची चालू ठेवली होती. तिच्यावर कुणी बसायला लागला तर भुवया आक्रसायच्या आणि तो माणूस उठायचा.

पुढे पुढे ते अर्धं मिनिटही हातचं गेलं. एवढी वर्षं हातोडी आणि ढोल, कापूस तरी किती पुरणार? फोनवर मुलीचा आवाज नुसता गुणगुणल्यासारखा येऊ लागला. काका "हं, हं" करत आणि फोन काकूंकडे देत. एकदा मुलीने काहीतरी विचारलं, काकांनी "हं" केलं, आणि पलीकडून फोन बंद झाला. काकू म्हणाल्या, "अहो, ती विचारत होती, मी येऊ का या महिन्यात, का नको. तुम्ही नुसतं हं काय करता?" काका दुसऱ्या दिवशी मुकाट्याने कानांच्या डॉक्टरकडे गेले. डाव्या कानाला मशीन बसलं. शेंगदाण्याएवढं, मागे आवाज कमी-जास्त करायची इवलीशी चक्री. मुलीचं अर्धं मिनिट नीट ऐकू यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

पहिल्याच रविवारी मॅच होती. उजव्या कानात काकांनी नेहमीसारखा बोळा घातला. डाव्या कानात मशीन, तिथे बोळा घालायचा कसा? चक्री खाली करून ते तसेच उभे राहिले. पहिला नंबर झाला, दुसरा झाला. काका मनात हरखले. अरे, शब्द आहेत की! संघाचं नाव घेतात, गोलकीपरचं कौतुक करतात. सव्वीस वर्षं आपण ज्या गाण्यांना ठेका दिला ती गाणी आज पहिल्यांदा ऐकतोय, याचं त्यांना हसू आलं.

त्या दिवशी लाइनवर झेंडा घेऊन एक बाई होती. तिने झेंडा वर केला आणि आपला गोल रद्द झाला. भोंग्याने तीन बोटं वर केली. काकांचे हात आपोआप चालू झाले. दोन सावकाश, तीन भराभर.

पोरी, पोरी, घरी जा!
घरी जाऊन भांडी घास!

पुढे आणखी दोन ओळी होत्या. त्या मी इथे लिहिणार नाही. ज्यांना ऐकायच्या असतील त्यांनी मैदानात जावं, चारशे माणसं मोफत ऐकवतात. त्यांत बापलेक होते, शाळामास्तर होता, औषधाच्या दुकानवाला होता. सगळे हसत होते, आणि त्या हसण्याला काकांचा ढोल चाल देत होता.

काकांनी मान वळवून लाइनकडे पाहिलं. बाई समोर बघत ताठ उभी होती. झेंडा धरलेला हात मात्र पार आवळून गेला होता. आणि तो हात बघता बघता काकांना दुसरी पोर आठवली. त्याच लाइनच्या मागे, अंगापेक्षा मोठा पिवळा सदरा घातलेली.

मुलगी चौदा वर्षांची असताना क्लबने बाहेर गेलेला बॉल आणून द्यायला पहिल्यांदाच मुली घेतल्या होत्या. काकांनी कधी नव्हे ते चारचौघांत तोंड उघडून क्लबच्या सेक्रेटरीला शब्द टाकला होता आणि मुलीला उभं केलं होतं. घरातून निघताना तिने तीनदा बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या. तिच्या हातून एक बॉल निसटला. भोंग्याने तीन बोटं वर केली. मग ती पोर धावली की तीन बोटं, ती थांबली की तीन बोटं. अर्धी मॅच तीन नंबरच चालला होता. काकांना तेव्हा वाटलं, आज गाणं रंगलंय. दर वेळी ते मान वळवून मुलीकडे बघत, तिला हसून दाखवत आणि आणखी जोरात ठोकत. बघ, तू मैदानात आणि तुझा बाप ढोलावर!

टिपरी काकांच्या हातातच राहिली. ठेका थांबला. गाणं दोन ओळी टाळ्यांवर चाललं आणि मग विस्कटलं. भोंग्याने कपाळाला आठ्या घालून हातानेच विचारलं, काय झालं? काकांनी ढोल गळ्यातून काढला आणि मॅच संपायच्या आत ते घरी आले.

काकू खिडकीशी बसून काकांच्या कामाच्या शर्टाला बटण लावत होत्या. काका बुटांसकट आत आले. काकूंच्या घरात हे म्हणजे पाप.

"तिने मैदान का सोडलं?" काकांनी विचारलं.

काकूंनी सुई थांबवली. "आज हे कुठून आलं?"

"का सोडलं?"

"तुम्हाला नाही माहीत?"

"मला कसं माहीत असणार?"

"अहो, ढोल तर तुम्हीच वाजवत होता." काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "त्या रात्री पोर उशीत तोंड खुपसून रडली. म्हणाली, बाबांना कळतंय ते काय म्हणतायत, आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. मला म्हणाली, आई, तू काही बोलू नकोस त्यांना. मी नाही बोलले. मला वाटलं, तुमचं तुम्हाला उमजेल."

"माझ्या कानात कापूस होता."

काकूंनी धागा दातांनी तोडला. "बारा वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात बोल लावला," त्या म्हणाल्या. "आता तो कुठे नेऊन टाकू?"

त्या घरात तीन माणसं, तिघंही बारा वर्षं मूग गिळून बसलेली. मला त्या तिघांचाही राग येतो. पण सगळ्यांत जास्त काकांचा येतो, आणि काकांनाही स्वतःचाच येत होता.

दोन आठवड्यांनी पुन्हा घरच्या मैदानावर मॅच होती. काका गेले. पहिला नंबर वाजवला, दुसरा वाजवला. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या संघाची डॉक्टर बाई पेटी घेऊन जखमी खेळाडूकडे धावली. भोंग्याची तीन बोटं वर गेली. काकांनी टिपरी ढोलावर आडवी ठेवली आणि डोळे बारीक केले. म्हणजे, नाही.

भोंगा पेटीवरून उतरून खाली आला. "काका, हात दुखतोय का?"

"नाही."

"मग?"

"हा नंबर मी वाजवणार नाही."

"काका, गंमत असते ती. कुणी मनावर घेत नाही."

"माझ्या मुलीने घेतलंय. बारा वर्षं झाली." आणि काकांनी त्याला पिवळ्या सदऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यांत लांबलचक बोलणं असेल.

भोंगा खरंच ओशाळला. माणूस वाईट नव्हता. काकू दवाखान्यात होत्या तेव्हा आठवडाभर दोन वेळचा डबा त्याच्याच घरून आला होता. "आईशप्पथ काका, त्या मोठ्या सदऱ्यात लांबून ती तुमची पोरगी हे मला ओळखू आलं नाही. ठाऊक असतं तर बोटं वर केली नसती."

"दुसऱ्या कुणाची असती तर केली असतीस."

"आता काय सांगू तुम्हाला."

"ही डॉक्टर कुणाची तरी असेल ना?"

भोंग्याने मान खाली घातली. वाटलं, पटलं. पण वरून कुणीतरी ओरडलं, "अरे काय सभा भरवलीय का? नंबर द्या!" भोंग्याने वर बघितलं. चारशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो पेटीवर चढला आणि तीन बोटं वर केली. ढोल नव्हता, तर लोकांनी पायऱ्यांवर पाय आपटले. लोखंडी पायऱ्या त्या. ढोलापेक्षा जास्त दणदणल्या. आपण हात आखडला की हे सगळं बसेल असं काकांना वाटलं होतं, ते त्यांचं आणखी एक चुकलं. एवढी वर्षं आपणच हे उचलून धरलंय असं समजत होते. यांना काकांची गरजच नव्हती.

पुढच्या मॅचला स्टँडमध्ये नवा ढोल होता, बाजारातून आणलेला, आणि तो वाजवायला भोंग्याचा मेहुणा. काकांचा ढोल घरी जिन्याखाली गेला.

तरी काका जात राहिले. खालच्या पायरीवर, त्याच जागी, रिकाम्या हातांनी. तीन बोटं वर झाली की ते हात वर करून ओरडत, "बंद करा!" ज्या माणसाने जन्मभर आवाज चढवला नाही, त्याचा आवाज चढणार किती? पहिल्या रांगेपलीकडे जायचा नाही. मग ते ओरडणं सोडून त्यांनी दुसरंच सुरू केलं. गाणं चालू असेपर्यंत एकेकाच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. शाळामास्तराकडे. औषधाच्या दुकानवाल्याकडे. ओळखीची माणसं ती. बायकांचे वाढदिवस, पोरींचे निकाल एकमेकांना सांगितलेली. काही जण बघून न बघितल्यासारखं करत. शाळामास्तर दोनदा मधेच गप्प झाला आणि तिसऱ्या खेपेला दुसऱ्या स्टँडमध्ये जाऊन बसला. एवढाच काय तो फरक. उरलेल्यांना काकांची चेष्टा करायचा नाद लागला. त्यांच्यावर कागदी पेले येऊ लागले, शेंगांची टरफलं येऊ लागली. "काका, तुम्हीच घरी जा, भांडी घासा!" हे तर रोजचंच झालं. भोंगा तेवढ्यापुरता तोंड फिरवी.

काकू विचारत, "कशाला जाता?" काका म्हणत, "ऐकायला." ते खरंच होतं. मशीनची चक्री ते पूर्ण वर करून उभे राहत. संध्याकाळी डोकं ठणकायचं.

वडील ढोल सोडून बसलेत हे काकूंनीच मुलीला सांगितलं. तीन रविवार फोन आला नाही. चौथ्या रविवारी संध्याकाळी, काका मैदानातून येऊन शर्टावरची टरफलं झटकत असताना, फोन वाजला. काकूंनी तो उचललाच नाही. काकांपुढे सरकवला.

"बाबा," मुलगी म्हणाली. मशीनमधून तिचा आवाज स्वच्छ आला. जरा घोगरा. तो असा आहे हे काकांना माहीतच नव्हतं. मोठी झाल्यावरचा तिचा आवाज त्यांनी नीट असा ऐकलाच नव्हता.

"बाळा, माझ्या कानात कापूस होता," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी महिनाभर घोकलं होतं.

"आईने सांगितलं."

"तू मैदानात होतीस म्हणून मी हसत होतो. मला वाटलं..."

"मला काय वाटलं ते तुम्हाला माहीत आहे का?"

"आता माहीत आहे."

"कापूस होता, कबूल. पण चारशे माणसं एकदम हसतायत एवढं तर दिसत होतं ना? कशाला हसतायत, असं एकदाही विचारावंसं वाटलं नाही? सव्वीस वर्षांत?"

काकांच्या तोंडात खिळे नव्हते, कानात कापूस नव्हता.

"नाही वाटलं," ते शेवटी म्हणाले. "मला मजा येत होती."

मग तिने विचारलं, "आज दिला का त्यांनी तीन नंबर?"

"चारदा."

"काय म्हणाले?"

"तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू जागच्या हलल्या नाहीत. काकांनी पहिली ओळ म्हटली. ठेक्याशिवाय, साध्या बोलण्यात. मग दुसरी. मग ज्या दोन मी लिहिल्या नाहीत, त्याही. स्वतःच्या मुलीला, स्वतःच्या तोंडाने. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. पण एक शब्द गाळला नाही.

"हं," मुलगी म्हणाली. "द्या आईला."

काकांनी फोन दिला आणि ते खुर्चीत बसले. काकूंनी फोन कानाला लावला आणि नुसतंच "अगं, अगं" म्हणू लागल्या. फोनमधून बाहेर येणारा आवाज पूर्वी काकांना ऐकू आला नसता. आज येत होता. मुलगी रडत होती. हुंदके देऊन, लहानपणी रडायची तशी. काकांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला, चक्रीवर टेकला. मग त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला आणि ती रडायची थांबेपर्यंत ऐकत बसले.